मार्किंग

सात क्लब फिरून, चौदा वर्षं बचावफळीत खेळून मजीद औरंगाबादला परतला. पस्तिशी उलटलेल्या फुटबॉलपटूला काम कोण देणार? उस्मानपुऱ्यातल्या तात्यासाहेबांनी दिलं. "जमिनीच्या खटल्यात तो पुंजाराम माझ्याविरुद्ध साक्ष देणार आहे. कुणाकुणाला भेटतो ते बघ. हात लावू नको."

आठवड्यानं त्यांनी विचारलं, "काय फुलबॅक, कुणाला भेटला?"

"कुणालाच नाय, साहेब. लई घाबरलेला आदमी. चालताना सारखा मागं बघतो, पण उजव्या खांद्यावरूनच. डावीकडं कधीच नाय." मजीद खुशीत आला होता. "मैदानात एवढं कळलं की फॉरवर्ड संपला."

तात्यासाहेब दाराशी बसलेल्या अनोळखी माणसाकडे वळले. "ऐकलंस ना? डावीकडून जा."