निर्यातीचा पट्टा

पडद्यावर दूरच्या बेटावरची तालिया दुभाष्यामार्फत सांगत होती, "पट्टा बांधला आणि आमच्या तुरुंगमंत्र्यांना कैद्यांची थंडी वाजायला लागली! सकाळीच माझा भाऊ सुटला."

समितीने टाळ्या वाजवल्या. परदेशांत मानवी हक्क रुजावेत म्हणून ही समिती असे पट्टे पाठवायची. सत्तेवरच्या माणसाने पट्टा मनगटाला बांधला, की त्याच्या हाताखालच्या माणसांच्या अंगाला आणि मनाला जे होतंय ते त्यालाही जाणवायचं. स्वतःच्या देशात मात्र पट्टे वापरायला बंदी होती.

समितीची सचिव शर्वाणीही टाळ्या वाजवत होती, पण आतून नुसती जळत होती. तिचाही भाऊ इथल्याच तुरुंगात खटल्याविना होता. त्या तालियाचा भाऊ सुटला, आणि तोही मी स्वतः खोक्यात भरलेल्या पट्ट्यामुळे!

"चला, फोटो काढू," म्हणत अध्यक्ष खानविलकरांनी नमुन्याचा पट्टा स्वतःच्या मनगटाला बांधला. क्षणात त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"काय झालं, सर?" शर्वाणीने विचारलं.

"बिघडलाय हा. मला त्या बाईचा हेवा वाटायला लागलाय. तिचा भाऊ सुटला, तर माझ्या पोटात का दुखावं?" ते पट्टा सोडायला लागले.

शर्वाणीने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"बिघडलेला नाही, सर. अजून थोडा वेळ राहू द्या."