पुतळाबाईचा हौद

पुतळाबाईच्या शेळ्या ज्या हौदावर पाणी पितात, त्याच्या बुळबुळीत शेवाळात विद्यापीठातल्या संशोधक प्रांजलीला एक नवाच जिवाणू गवसला. त्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, तिनं शेवाळातूनच थेट वाचली. पण प्रयोगशाळेत आणला की हा पठ्ठ्या वाढायलाच तयार नाही. पंचपक्वान्नं पुढ्यात ठेवली तरी गडी रुसलेलाच! शेवटी तिच्यासोबत काम करणारे जर्मनीतले शास्त्रज्ञ म्हणाले, "आम्हीच येतो. त्याला त्याच्या घरीच जगवून बघू."

प्रांजलीनं लगेच फोन लावला. "मावशी, परदेशातले पाहुणे येतायत तुमचा हौद बघायला. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे, हौदाची तेवढी काळजी घ्या."

शेवाळ खरवडायला आलेल्या या पोरीपुढं पुतळाबाई आपल्या घाणेरड्या हौदापायी दर वेळी ओशाळून जायची. आता तिला बळ आलं. "तू निवांत ऱ्हा, माय. तुझी मान खाली जाऊ देणार नाय मी."

ठरल्या दिवशी पाहुण्यांची गाडी शहरातून निघाली ती थेट वस्तीवर. पुतळाबाई नवं लुगडं नेसून, आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या मागं हौद चुन्यानं पांढराफेक झालेला, आणि पाणी कसं, तळ दिसेल इतकं नितळ.

प्रांजली गाडीतून उतरून हौदाकडं धावली. पुतळाबाई हळूच तिच्या कानाशी लागली.

 

"समदी वस्ती घासत होती, माय. वरून ब्लिचिंग पावडर टाकली. सांग तुझ्या पाव्हण्यांना, औषधाला एक जंतू घावायचा नाय!"