मोकळे हेडफोन

“आण बघू, ऐकू दे माझं रडगाणं,” म्हणत कुमुदताईंनी हात पुढे केला. घशाच्या ऑपरेशननंतर त्या आज पहिल्यांदाच बैठकीत गायल्या होत्या आणि शर्वरीने ते गाणं रेकॉर्ड केलं होतं.

तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले. कपांना मागून जाळी असलेले हे मोकळे हेडफोन तिने हौसेने निवडले होते. दुकानाच्या शांततेत त्यांतून सारंगी फार गोड वाजली होती.

ऐकता ऐकता कुमुदताईंचा चेहरा उतरला. “तबला छान आलाय गं. पण मी इतकी लांब? एवढाच आवाज उरलाय माझा? आणि लोक उगाच वाहवा करत होते!”

शर्वरीने घाईने हेडफोन स्वतःच्या कानांना लावले. गाण्याचा माइक बंदच राहिला होता. तबल्याच्या माइकमध्ये शिरलेला पुसट आवाज तेवढा आला होता. बैठकभर तिने हेडफोन लावून ऐकलेला भरदार सूर समोरच्या गादीवरून, जाळीतून थेट कानात येत होता, आणि तिला वाटलं होतं, तो रेकॉर्ड होतोय. मोकळ्या हेडफोनमध्ये बाहेरचं आत येतं, हे ती कॉलेजात शिकवत असे.

“ताई, आवाज खणखणीत होता. चूक माझी आहे. तुमचा माइकच चालू नव्हता.”

कुमुदताईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

“गुणाची गं तू, माझ्यासाठी स्वतःवर घेतेस. पुढच्या बैठकीला मात्र गायला दुसरं कुणी बघायला सांग आयोजकांना.”