दहा वर्षांतले पत्ते

१९५७ साल. गोपाळ जर्मनीत इंजिनियर होता. नातीला बघायला आईबाबांनी वर्षभर येऊन राहावं, म्हणून त्यानं बोटीची तिकिटं काढली आणि त्यांच्या आजारपणाचा विमा शोधायला तिथला एक दलाल गाठला. दलालानं उज्जैनला आईबाबांकडे दोन फॉर्म पाठवले. त्यात विचारलं होतं, ‘गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात?’

अहल्याबाईंनी आपल्या फॉर्मवर लिहिलं, ‘माधव नगर, उज्जैन.’

यज्ञेश्वरराव रोज सकाळी राम घाटावर जाऊन घरी परत येत, त्यापलीकडे त्यांचा प्रवास नव्हता. पण ते भूगोलाचे रिटायर मास्तर. अर्धवट उत्तर त्यांना खपत नसे, आणि उज्जैन जागच्या जागी असलं तरी त्याचं राज्य दोनदा बदललं होतं. त्यांनी लिहिलं, ‘१९४७, ग्वाल्हेर संस्थान. १९४८ पासून मध्य भारत. १९५६ पासून मध्य प्रदेश.’

"कागदावर कसं, पक्कं लिहावं," सही करत ते बायकोला म्हणाले.

दीड महिन्यानं गोपाळचं पत्र आलं. ‘आईचा विमा झाला. बाबांचा कंपनीनं नाकारला. दलाल म्हणतो, दहा वर्षांत तीन मुलुख बदलले, इतक्या ठिकाणचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या तब्येतीची हमी कोण घेणार?’

अहल्याबाईंनी पत्राची घडी घातली.



"अहो, पस्तीस साल झाले लग्नाला, मला कधी इंदूरसुद्धा दाखवलं नाहीत. आणि स्वतः मात्र अकेले अकेले इतकं फिरून आलात?"