टाकीची बाजू

उल्हासनं रुबाबात गाडी पेट्रोल पंपावर उभी केली. शेजारी होणारे व्याही बसले होते, मागे लेक केतकी. "नवीनच घेतली," असं त्यानं वाटेत दोनदा सांगितलं होतं.

"काका, टाकी त्या बाजूला आहे. गाडी वळवून घ्या," पंपावरची बाई म्हणाली.

त्यानं गाडी वळवली, पण झाकण उघडायचा खटका सापडेना. अखेर व्याह्यांनीच बोट दाखवलं. "तुमच्या उजव्या हाताला, खाली."

उल्हासचे कान तापले. "गाडी मित्राची आहे," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे," व्याही म्हणाले. "केतकीनं पहिल्याच भेटीत सांगितलं, आमच्याकडे स्कूटरच आहे, बाबा तिच्यावरून कॉलेजला सोडायचे. किती अभिमानानं सांगत होती!"

मागे वळून लेकीकडे बघायचं उल्हासला धैर्य झालं नाही.