चपलेची करकर

अंबाबाईची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा. खोटा निघाला तर माझी कवळी इथंच गळून पडू दे.

देशाचा व्यापार वाढवायचा म्हणून सरकारनं योजना काढली. ज्या गल्लीचा माल पास होईल, तिच्या चपला परदेशी जाणार. साहेब तपासायला येणार म्हणून आमच्या चपलांच्या गल्लीतल्या हौसाक्कानं मानाचा जोड शिवला. आमच्याकडं पाहुणा जेवढा मोठा, तेवढी चपलेला करकर जास्त. तळाच्या दोन कातड्यांमध्ये तिनं सढळ हातानं करकरणाऱ्या बिया घातल्या.

साहेबानं तो जोड घालून चार पावलं टाकली आणि तोंड वाकडं केलं. "आक्का, हे वाजतंय की. बाहेर याला खराब माल म्हणतात."

"मुकी चप्पल चोरानं घालावी, सायेब," हौसाक्का म्हणाली खरी. पण अख्ख्या गल्लीचं काम तिच्या एका जोडापायी हातचं चाललं होतं.

साहेब घाईत तसाच, चपला न काढता कचेरीत गेला. करकर ऐकून शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत सगळे उठून उभे राहिले. भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायची थांबली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "आक्का, एवढी वर्षं नोकरी केली. मी आलोय हे काल पहिल्यांदा कुणाला तरी कळलं."

आवाज हा दोष नव्हे, असं त्यानं वर ठासून कळवलं. माल पास झाला आणि साहेब हसत हसत गेला.

तेवढं हसणं मात्र माझ्या पदरचं. डोळे पुसत गेला तो. पण सरकारी माणसाची अब्रू आपणच झाकायची.