गळका नळ

"या खारट पाण्यावर जन्म काढायला मी काय मेंढी आहे?" असं विचारून ग्लेन घराबाहेर पडला. "परत तोंड दाखवू नकोस," मर्व्ह म्हणाला. पोराने बापाचं ऐकलं ते एवढंच.

अकरा वर्षांनी टेकडीआड हाडं आणि थोडे केस सापडले.

"मर्व्हकाका, दातांवरून लहानपणीचं पाणी कळतं," प्रयोगशाळेचा अहवाल वाचत पोलीसबाई म्हणाली. "ते तुमच्या बोअरचं निघालं. केसांवरून शेवटच्या महिन्यांतलं कळतं. तेही तुमच्याच बोअरचं."

"कसं शक्य आहे? तो इकडे फिरकलाच नाही."

डल्सीने नवऱ्यापुढे चहा ठेवला.

"गेल्या उन्हाळ्यात रोज सकाळी अंगणातला नळ ठिबकत असायचा. मी बंद करायला विसरते असं समजून तू त्याला कुलूप घातलंस."